डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर : एका टाक्याने मातृत्व सावरणारे संशोधक

मुंबई : चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत सुखरूप वाढलेला गर्भ कोणत्याही पूर्वसूचनेविना पडून जावा आणि प्रत्येक खेपेस हेच घडावे, या दुःखावर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खात्रीचा उपाय नव्हता. विश्रांती आणि संप्रेरकांची औषधे यांपलीकडे वैद्यकशास्त्र फारसे काही देऊ शकत नव्हते. घरोघरी मात्र दोष नशिबाला, नाहीतर त्या स्त्रीलाच दिला जाई. अशा अनेक स्त्रियांच्या बाबतीत मूळ कारण गर्भाशयमुखाचा दुबळेपणा हे असते आणि तो शस्त्रक्रियेने सावरता येतो, हे जगासमोर मांडणारे संशोधक म्हणजे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर.

२७ एप्रिल १८९९ रोजी तत्कालीन पोर्तुगीज राजवटीतील गोव्यात, शिरोडा या गावी त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून वैद्यकीय शिक्षण घेतल्यानंतर १९२७ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची एम. डी. ही पदवी संपादन केली. पुढे इंग्लंडला जाऊन १९३१ मध्ये ते एफ. आर. सी. एस. झाले. मायदेशी परतल्यावर प्रसूतिशास्त्र आणि स्त्रीरोगशास्त्र हेच त्यांचे आयुष्यभराचे कार्यक्षेत्र ठरले. ज्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकले, तेथेच त्यांनी या विषयाचे प्राध्यापकपदही भूषविले.

वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांच्या तपासणीतून त्यांच्या संशोधनाला दिशा मिळाली. गर्भारपणात पुनःपुन्हा अंतर्गत तपासणी करताना त्यांना आढळले, की यातील काही स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचे आतले द्वार वेळेआधीच सैल होऊन उघडू लागते. गर्भ निरोगी असतो, गर्भाशयही निरोगी असते. परंतु वाढते वजन पेलण्याइतके बळ त्या द्वारात नसते. अमेरिकेत १९५० मध्ये डॉ. लॅश यांनी या दोषावर शस्त्रक्रिया सुचविली होती, मात्र ती गर्भधारणेपूर्वी करावी लागे. प्रत्यक्ष गर्भारपणातच हे द्वार बांधून घेण्याचे धाडस डॉ. शिरोडकरांनी केले.

त्यांची पद्धत मुळात साधी, पण हाती घेण्यास अवघड होती. मूत्राशय हलकेच वर सरकवून गर्भाशयमुखाच्या आतल्या द्वाराच्या पातळीपर्यंत पोहोचायचे आणि तेथे भोवताली एक पट्टी घालून ती बांधायची. ही पट्टी रुग्णेच्याच मांडीतील स्नायूंवरील चिवट आवरणापासून तयार केली जाई. पुढे तिची जागा कृत्रिम धाग्याच्या फितीने घेतली. प्रसूतीची वेळ जवळ आली की टाका काढायचा किंवा शस्त्रक्रियेने प्रसूती करायची. आरंभी त्यांनी किमान चार वेळा गर्भपात झालेल्या स्त्रियांवरच हा उपाय केला. १९५५ मध्ये मद्रासच्या अँटिसेप्टिक या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. दोनच वर्षांनी ऑस्ट्रेलियातील डॉ. इयान मॅकडोनाल्ड यांनी टाका घालण्याची अधिक सोपी रीत मांडली. आज या दोन्ही रीती जगभर वापरल्या जातात.

अवयव काढून टाकण्यापेक्षा त्याला आधार द्यावा, हे सूत्र त्यांच्या इतर संशोधनातही दिसते. तरुण स्त्रियांचे अंग बाहेर येण्याच्या व्याधीवर त्यांनी फितीच्या आधाराने गर्भाशय वर बांधून ठेवण्याची शस्त्रक्रिया विकसित केली. याच व्याधीवरील जुन्या मँचेस्टर शस्त्रक्रियेत गर्भाशयमुखाचा भाग कापला जाई आणि त्यामुळे पुढील गर्भारपण धोक्यात येई. डॉ. शिरोडकरांनी हे कापणे टाळणारी सुधारित पद्धत दिली. १९६० मध्ये त्यांचे संशोधन ग्रंथरूपाने इंग्रजीत प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण, तर १९७१ मध्ये पद्मविभूषण देऊन गौरविले. ७ मार्च १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात हा टाका सरसकट घातला जाऊ लागल्याने त्याच्या उपयुक्ततेविषयी शंका उपस्थित झाल्या. ब्रिटनमधील वैद्यकीय संशोधन परिषद आणि प्रसूतितज्ज्ञांचे रॉयल कॉलेज यांनी १२ देशांतील १,२९२ स्त्रियांवर केलेल्या चाचणीचा अहवाल १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ३३ आठवड्यांपूर्वी प्रसूती होण्याचे प्रमाण टाका घातलेल्या गटात १३ टक्के, तर इतर गटात १७ टक्के होते. मात्र तीन किंवा अधिक वेळा गर्भपात अथवा अकाली प्रसूती झालेल्या स्त्रियांमध्ये हेच प्रमाण अनुक्रमे १५ व ३२ टक्के होते. खरी गरज असलेल्या स्त्रीपुरताच हा उपाय राखण्याचा डॉ. शिरोडकरांचा विवेक किती योग्य होता, हे अशा रीतीने चार दशकांनी आकड्यांनीच सिद्ध केले.

आज मुंबई असो, नागपूर असो वा रायपूर, प्रसूतिशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिरोडकर टाका अभ्यासावा लागतो. गोव्यातील एका गावाचे नाव त्यामुळे जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत उच्चारले जाते. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, ज्या दुःखासाठी पिढ्यान्‌पिढ्या स्त्रीला दोषी धरले गेले, त्याला त्यांनी एक कारण दिले आणि त्यावर उपायही दिला.