पोकळीला आकार देणारा शिल्पकार : रुडॉल्फ बेलिंग

१९३७ च्या जुलै महिन्यात म्युनिक शहरात एका दिवसाच्या अंतराने दोन कलाप्रदर्शने उघडली. पहिले नाझी राजवटीने गौरविलेल्या जर्मन कलेचे होते. दुसरे, तिने ‘अधःपतित’ ठरविलेल्या कलेची जाहीर विटंबना करण्यासाठी भरविलेले. पहिल्यात मुष्टियोद्धा माक्स श्मेलिंग याचा ब्राँझचा पुतळा मानाने उभा होता. दुसऱ्यात ‘ड्रायक्लांग’ हे काष्ठशिल्प आणि पितळेत घडविलेले एक मस्तक टवाळीसाठी मांडले होते. ही तिन्ही शिल्पे एकाच कलावंताची आहेत हे ध्यानात आल्यावर दुसऱ्या प्रदर्शनातील दोन्ही शिल्पे हलविण्यात आली. त्यांचा कर्ता रुडॉल्फ बेलिंग तोवर जर्मनी सोडून इस्तंबूलला पोहोचला होता.

बेलिंग यांचा जन्म २६ ऑगस्ट १८८६ रोजी बर्लिनमध्ये झाला. त्यांची सुरुवात कारागिरीतून झाली. माक्स राइनहार्ट यांच्या रंगभूमीसाठी त्यांनी काम केले आणि पुढे शार्लोटेनबुर्ग येथील कला अकादमीत पीटर ब्रॉयर यांच्या हाताखाली रीतसर शिक्षण घेतले. रंगमंचावर वस्तूइतकेच तिच्या भोवतालच्या अवकाशाला महत्त्व असते. पुढील काळात त्यांच्या शिल्पविचाराच्या केंद्रस्थानी हाच अवकाश आला.

त्या सुमारास युरोपातील शिल्पकला मुळापासून बदलत होती. पिकासो यांनी १९०९ मध्ये स्त्रीचे एक मस्तक घडविताना चेहऱ्याची सलग त्वचा मोडून तिचे धारदार पैलू केले. अलेक्झांडर आर्चिपेंको यांनी त्यापुढे जाऊन देहाच्या भरीव भागाच्या जागी चक्क पोकळी ठेवली. दगड किंवा माती म्हणजे शिल्प आणि उरलेली हवा म्हणजे पार्श्वभूमी, ही शतकानुशतकांची समजूत घनवादाने अशी निकालात काढली. बेलिंग यांनी तिला सिद्धान्ताचे रूप दिले. आकारांच्या मधली हवा हीदेखील शिल्पाची सामग्रीच आहे. म्हणून शिल्पाला दर्शनी बाजू नसावी, ते सर्व बाजूंनी तितकेच बोलके असावे, असा त्यांचा आग्रह होता.

१९१८ मध्ये ते ‘नोव्हेंबर गट’ या क्रांतिकाळातील कलावंतसंघाचे एक संस्थापक झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ‘ड्रायक्लांग’ साकारले. या जर्मन शब्दाचा अर्थ तीन स्वरांचा एकत्रित नाद. एकाच तळातून उसळणाऱ्या तीन आकृती एकमेकींकडे झुकतात आणि आपल्यामध्ये एक पोकळी धरून ठेवतात. चित्र, शिल्प आणि वास्तू या तीन कलांचे मीलन त्यात पाहिले जाते. तंबोऱ्याचा नाद भोपळ्याच्या पोकळीत भरतो, हे ठाऊक असलेल्या मराठी रसिकाला या शिल्पाचे मर्म वेगळे सांगावे लागणार नाही.

१९२३ च्या ‘शिल्प २३’ मध्ये गोल, नळ्या आणि कांबी यांची जुळणी करून त्यांनी मानवी मस्तक रचले. यंत्राचे सुटे भाग जोडावेत तसे. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या राष्ट्रीय कलादालनाने त्यांच्या कामाचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले. दुकानांतील कपड्यांचे पुतळे असोत की नृत्यगृहाची अंतर्रचना, कोणतेही काम त्यांनी हलके मानले नाही. १९३१ मध्ये ते प्रशियन कला अकादमीचे सदस्य झाले.

दोनच वर्षांत राजवट बदलली आणि सारे विस्कटले. १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शन आणि व्याख्याने यांच्या निमित्ताने त्यांना अमेरिकेची दारे उघडी झाली होती. परंतु ज्यू आईच्या पोटी जन्मलेला त्यांचा लहान मुलगा जर्मनीत होता; त्याच्यासाठी ते परतले. १९३७ च्या आरंभी इस्तंबूलच्या कला अकादमीतील शिल्प विभागाची धुरा त्यांनी स्वीकारली आणि १९३९ मध्ये मुलालाही तेथे आणले. मायदेशी त्यांची कित्येक शिल्पे नष्ट झाली. आपल्या हयातीचे काम डोळ्यांआड पुसले जात असताना हा कलावंत परक्या देशातील तरुणांना पुन्हा प्राथमिक धडे देत होता. तुर्कस्तानच्या आधुनिक शिल्पकारांची एक पिढी त्यांच्या हाताखाली घडली.

तेथेही राजकारणाने त्यांची पाठ सोडली नाही. राष्ट्राध्यक्ष इस्मत इनोनू यांचा त्यांनी घडविलेला अश्वारूढ पुतळा तक्सिम चौकासाठी होता. १९५० मध्ये सत्तांतर झाले आणि पुतळा तेथे बसलाच नाही. तो अखेर १९८२ मध्ये इस्तंबूलच्याच माचका भागात उभा राहिला. तो दिवस पाहण्यास बेलिंग नव्हते.

सुमारे तीन दशकांच्या परदेशवासानंतर, १९६६ मध्ये, ते जर्मनीत परतले आणि म्युनिकजवळच्या क्रायलिंग गावी स्थिरावले. बॉम्बहल्ल्यांत कोसळलेल्या घरांच्या ढिगाऱ्यातून म्युनिकमध्ये एक टेकडी उभी राहिली होती. तीच ऑलिंपिक उद्यानातील टेकडी. हल्ल्यांत मरण पावलेल्या नागरिकांच्या स्मरणार्थ तिच्यावर बेलिंग यांचे फुलाच्या आकाराचे शिल्प आहे. ९ जून १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी २६ ऑगस्टला, त्यांच्या ८६ व्या जन्मदिनी, त्या उद्यानात ऑलिंपिक स्पर्धांचे उद्घाटन झाले.

एके काळी टवाळीसाठी मांडलेले ‘ड्रायक्लांग’ आणि ते पितळी मस्तक आज बर्लिनच्या राष्ट्रीय कलादालनाच्या संग्रहात आहेत. पाहणाऱ्याने ‘ड्रायक्लांग’भोवती एक पूर्ण फेरी मारावी, प्रत्येक पावलागणिक तिन्ही आकृतींमधली पोकळी आपला आकार बदलताना दिसते.