बालीचा यजमान वॉल्टर श्पीस

बाली म्हटले की आज मुंबई-पुण्यातील वाचकाला काय आठवते? मधुचंद्राची सहल, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी हिरवीगार भातखाचरे, समुद्रकाठी सूर्यास्ताच्या वेळी रंगणारे केचक नृत्य आणि उबुदमधील चित्रांची दुकाने. बालीची ही प्रतिमा आपोआप तयार झालेली नाही. ती घडवण्यात ज्या मोजक्या माणसांचा हात होता, त्यांत सर्वांत महत्त्वाचे नाव वॉल्टर श्पीस या जर्मन चित्रकाराचे आहे. बालीच्या प्रेमात पडून तेथे स्थायिक झालेला, जगभरातील नामवंतांना बाली दाखवणारा आणि शेवटी त्याच पाहुण्यांच्या गर्दीपासून दूर डोंगरात पळ काढणारा हा माणूस वयाच्या ४६व्या वर्षी हिंदी महासागरात बुडून मरण पावला.

मॉस्को ते जावा

श्पीस यांचा जन्म १५ सप्टेंबर १८९५ रोजी मॉस्को येथे झाला. घराणे जर्मन व्यापाऱ्यांचे, सुखवस्तू आणि कलाप्रेमी. शिक्षण ड्रेस्डेन येथे झाले. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि रशियात असलेला हा जर्मन तरुण शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. त्याची रवानगी उरल पर्वताच्या प्रदेशात झाली. हा बंदिवास त्याच्या आयुष्याला वळण देणारा ठरला. तेथील भटक्या जमातींचे साधे जीवन, त्यांचे संगीत आणि निसर्गाशी असलेले त्यांचे नाते त्याने जवळून पाहिले आणि युरोपीय शहरी जीवनाविषयी त्याच्या मनात कायमची अढी बसली.

युद्धानंतर तो जर्मनीत परतला. मूकपटांचे विख्यात दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांच्याशी त्याची घनिष्ठ मैत्री जमली. चित्रकार म्हणून नाव होऊ लागले होते. परंतु युद्धाने पोळलेल्या, महागाईने ग्रासलेल्या जर्मनीत त्याचे मन रमेना. १९२३ मध्ये त्याने बोट पकडली आणि डच वसाहतीतील जावा बेट गाठले.

सुरुवातीला बांडुंग येथे चित्रपटगृहात पियानो वाजवून त्याने पोट भरले. पुढे योग्यकर्त्याच्या सुलतानाने त्याला आपल्या दरबारातील पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा प्रमुख नेमले. तेथेच त्याने गामेलान हा धातूच्या वाद्यांचा पारंपरिक वाद्यमेळ मनापासून अभ्यासला. त्याच्या रचना स्वरलिपीत उतरवून त्या पियानोवर वाजवण्याचे प्रयोगही केले. उबुदच्या राजघराण्यातील चोकोर्दा गदे राका सुकावती यांच्याशी त्याचा परिचय झाला आणि त्यांच्या निमंत्रणावरून १९२७ मध्ये श्पीस बालीत राहावयास गेला. त्याच वर्षी रवींद्रनाथ ठाकूरही बालीला भेट देऊन गेले होते.

रक्तावर उभारलेले नंदनवन

श्पीस बालीत पोहोचला तेव्हा हे बेट पूर्णपणे डचांच्या ताब्यात येऊन वीस वर्षेही झाली नव्हती. १९०६ मध्ये बाडुंगच्या आणि १९०८ मध्ये क्लुंगकुंगच्या राजपरिवारांनी शरणागती पत्करण्याऐवजी शुभ्र वस्त्रे नेसून, हाती शस्त्रे घेऊन बंदुकांसमोर चालत जाणे पसंत केले होते. बालीच्या इतिहासात हे आत्मबलिदान पुपुतान या नावाने ओळखले जाते. या हत्याकांडामुळे युरोपात डचांची नाचक्की झाली. त्यानंतर प्रशासनाने पवित्रा बदलला. बालीची हिंदू संस्कृती जशीच्या तशी जपावयाची, तिला आधुनिक शिक्षण, राजकारण आणि बाहेरच्या धर्मप्रचारापासून दूर ठेवावयाचे, असे धोरण आले. संस्कृतिरक्षणाच्या या धोरणाला राजकीय हिशेबाची जोड होती. राष्ट्रवादाचे वारे बालीत शिरू नयेत, हा त्यामागचा मुख्य हेतू होता.

याच काळात पर्यटनाचा पाया घातला गेला. सरकारी आश्रय असलेल्या डच जहाज कंपनीच्या बोटींतून प्रवासी उत्तर किनाऱ्यावरील सिंगाराजा बंदरात उतरत आणि मोटारीने बेट पाहून दोन-चार दिवसांत परत जात. १९२८ मध्ये देनपसार येथे बाली हॉटेल उघडले. १९२०च्या दशकात येणाऱ्यांची संख्या वर्षाला काही शे इतकीच होती. पुढच्या दशकात ती हजारांत गेली. या पाहुण्यांना दाखवलेले बाली हे सुखी, कलावंत शेतकऱ्यांचे नंदनवन होते. जमीनसारा आणि वेठबिगारीखाली दबलेला, जागतिक मंदीत जमीन गमावणारा बालीचा शेतकरी त्या चित्रात कोठेच नव्हता.

चंपुहानचे घर

उबुदजवळ दोन नद्यांच्या संगमावर, चंपुहान येथे श्पीसने स्थानिक पद्धतीचे गवती छपराचे घर बांधले. हे घर म्हणजे पाहता पाहता बाली पाहू इच्छिणाऱ्या जगाचे प्रवेशद्वार बनले. १९३२ मध्ये चार्ली चॅप्लिन आला. मेक्सिकोचा चित्रकार मिगेल कोवारुबियास आला आणि त्याने १९३७ मध्ये बालीवर गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी व्हिकी बाऊम या लेखिकेची पुपुतानवरील कादंबरी आली, तिच्यामागेही श्पीसने पुरवलेली माहिती होती. मार्गारेट मीड आणि ग्रेगरी बेटसन हे मानवशास्त्रज्ञ आले, कॅनडात जन्मलेला संगीतकार कॉलिन मॅकफी आला. प्रत्येकाला गावोगाव नेऊन नृत्ये दाखवणे, कलावंतांशी गाठ घालून देणे, भाषेची अडचण सोडवणे ही कामे श्पीस आनंदाने करी.

तो स्वतः फार थोडी चित्रे काढी. एखादे चित्र चांगल्या किमतीला विकले की काही महिन्यांची सोय होई. धुक्यातून झिरपणारा प्रकाश, लांबलचक सावल्या, माडांच्या रांगा आणि त्यांतून बैल घेऊन जाणारा शेतकरी ही त्याच्या चित्रांची ओळख. बालीचे निसर्गदृश्य कसे दिसते याविषयी बाहेरच्या जगाची नजर या चित्रांनी तयार केली. आजही जाहिरातीतील बाली पुष्कळदा त्याच प्रकाशात न्हाऊन निघालेले असते.

केचक नृत्याची कथा या दृष्टीने बोलकी आहे. संघ्यांग नावाच्या विधीत अंगात येणाऱ्या मुलींभोवती पुरुषांचा मेळा तालबद्ध घोष करी. १९३०च्या दशकात बेडुलू गावचा नर्तक वायान लिंबाक आणि श्पीस यांच्या सहकार्यातून या घोषाला स्वतंत्र नृत्याचे रूप मिळाले, त्याला रामायणातील प्रसंग जोडले गेले आणि पाहुण्यांसमोर सादर करता येईल असा प्रयोग सिद्ध झाला. आज भारतीय पर्यटक ज्याला हजारो वर्षांची परंपरा समजून हात जोडतो, तो प्रयोग शंभर वर्षांचाही नाही. मात्र म्हणून तो खोटा ठरत नाही. बालीच्या कलावंतांनी तो आपलासा केला आणि वाढवला.

चित्रकलेतही असेच घडले. पूर्वी देवळांसाठी आणि राजवाड्यांसाठी चित्रे काढणारे कलावंत आता पर्यटकांसाठी काढू लागले होते. मागणी वाढली तसा दर्जा घसरू लागला. त्याला आळा घालण्यासाठी श्पीस, डच चित्रकार रुडॉल्फ बोनेट, चोकोर्दा गदे आगुंग सुकावती आणि थोर बाली कलावंत गुस्ती न्योमान लेंपाड यांनी १९३६ मध्ये एक संघ स्थापन केला. त्याचे नाव पिता महा, म्हणजे आपल्या परिचयाचा पितामह हाच शब्द. संघाचे सभासद आपली चित्रे निवडीसाठी आणत. त्यांतील उत्तम तेवढी प्रदर्शनांना पाठवली जात. देनपसारच्या बाली संग्रहालयाची देखभालही श्पीसने काही काळ केली. बालीच्या कलेला नवजीवन देण्याचे सारे श्रेय एकट्या श्पीसला देण्याची प्रथा पूर्वी होती. ती लेंपाड, लिंबाक यांच्यासारख्या कलावंतांवर अन्याय करणारी आहे.

पाहुण्यांपासून पलायन

श्पीस एकटा नव्हता. सानूरच्या किनाऱ्यावर बेल्जियन चित्रकार ल मायर १९३२ मध्ये स्थायिक झाला आणि पुढे त्याने नी पोलोक या नर्तकीशी विवाह केला. कुटा येथे १९३६ मध्ये बॉब आणि लुईझ कोक या अमेरिकन दांपत्याने समुद्रकाठी साध्या झोपड्यांचे हॉटेल काढले. स्वस्त नोकरचाकर, मोकळे वातावरण, कलेचा सहवास आणि युरोपपेक्षा कितीतरी कमी खर्चात राजेशाही राहणी हे या परदेशी वसाहतीचे आकर्षण होते. परंतु हे सुख वसाहतवादी सत्तेच्या छत्राखालचे होते, ही गोष्ट त्यांच्या लेखनात क्वचितच उतरली.

पाहुणे वाढत गेले तसा श्पीस थकत गेला. १९३७च्या सुमारास त्याने उबुद सोडून आगुंग ज्वालामुखीच्या पायथ्याशी इसेह या खेड्यात झोपडी बांधली. ज्याने जगाला बालीची वाट दाखवली, त्यालाच ती वाट नकोशी झाली होती. आपण अखेरचे खरे बाली पाहिले आणि आपल्यामागून येणाऱ्यांनी ते बिघडवले, ही प्रत्येक पिढीतील परदेशी रहिवाशाची समजूत असते. तिचा पहिला ठळक नमुना श्पीसमध्ये दिसतो.

पण इसेहचे एकांतवासही त्याला वाचवू शकले नाही. १९३८च्या अखेरीस डच ईस्ट इंडीजमध्ये समलिंगी संबंधांविरुद्ध मोठी मोहीम निघाली आणि शंभराहून अधिक जणांना अटक झाली. ३१ डिसेंबर १९३८ रोजी श्पीसही पकडला गेला. त्या वेळच्या कायद्यानुसार अल्पवयीन ठरणाऱ्या व्यक्तीशी संबंध ठेवल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. मार्गारेट मीड यांनी त्याच्या बचावासाठी निवेदन दिले. मोहिमेमागे नैतिकतेचा दिखावा आणि राजकारण होते हे खरे. त्याचबरोबर वसाहतीतील गोरा यजमान आणि त्याच्या घरी वावरणारी गावातील मुले यांच्यातील विषमता हा प्रश्नही आजचे अभ्यासक टाळत नाहीत. सप्टेंबर १९३९ मध्ये तो सुटला, तेव्हा युरोपात दुसरे महायुद्ध पेटले होते.

मे १९४० मध्ये जर्मनीने हॉलंडवर आक्रमण केले आणि श्पीस दुसऱ्यांदा शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. त्याला आधी जावात आणि नंतर सुमात्राच्या छावणीत ठेवण्यात आले. जपानी फौजा जवळ आल्या तेव्हा जर्मन कैद्यांना जहाजांनी हिंदुस्थानाकडे हलवण्यात आले. दोन जहाजांतील कैदी सुखरूप पोहोचले आणि पुढे डेहराडूनच्या छावणीत राहिले. तिसरे जहाज व्हान इमहॉफ. १९ जानेवारी १९४२ रोजी सुमात्राच्या पश्चिमेस नियास बेटाजवळ जपानी विमानाने त्यावर बॉम्ब टाकले. डच खलाशी आणि पहारेकरी नावांतून निघून गेले. कैदी मागे राहिले. मदतीला आलेल्या दुसऱ्या डच जहाजाने जर्मनांना उचलण्यास नकार दिला. चारशेहून अधिक माणसे बुडाली. श्पीस त्यांत होता.

श्पीसनंतरचे बाली

इंडोनेशिया स्वतंत्र झाला. १९६५-६६ मध्ये कम्युनिस्टविरोधी हत्याकांडात बालीत हजारो माणसे मारली गेली. हे रक्त वाळते न वाळते तोच १९६६ मध्ये सानूरच्या किनाऱ्यावर बाली बीच हे दहा मजली हॉटेल उघडले. ते पाहून लोकांत इतकी नाराजी पसरली, की पुढे माडापेक्षा उंच इमारत बांधू नये असा नियम झाला. १९६९ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि बोटीचा आठवड्यांचा प्रवास काही तासांवर आला. आधी कुटाच्या किनाऱ्यावर हिप्पी आले, मागोमाग ऑस्ट्रेलियन लाटप्रेमी आले, नंतर नुसा दुआची आलिशान हॉटेले उभी राहिली. १२ ऑक्टोबर २००२ रोजी कुटातील बॉम्बस्फोटांत २०२ जण ठार झाले, तेव्हा एका उद्योगावर विसंबलेले बेट क्षणात कसे कोलमडते हे दिसले. कोरोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, त्याची पुन्हा प्रचिती आली. हॉटेलांतील अनेक कामगार तेव्हा शेतीकडे परतले.

आज चित्र पुन्हा पालटले आहे. २०२०च्या जनगणनेनुसार बालीची लोकसंख्या सुमारे ४३ लाख. २०२४ मध्ये तेथे आलेले परदेशी पर्यटक सुमारे ६३ लाख. ऑस्ट्रेलियाखालोखाल सर्वाधिक पाहुणे भारतातून येतात. श्पीसच्या जागी आता संगणक मांडीवर घेऊन दूरस्थ नोकरी करणारे परदेशी तरुण चांगू आणि उबुदमध्ये महिनोन् महिने राहतात. त्यांच्यासाठी भातखाचरांवर बंगले उठतात, घरभाडी चढतात आणि पाण्याचा प्रश्न बिकट होतो. बालीची सुबक ही सहकारी पाणीवाटपाची जुनी व्यवस्था २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, परंतु ज्या शेतीवर ती उभी आहे ती शेतीच आक्रसत आहे. देवळांत गैरवर्तन करणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी २०२३ मध्ये वर्तनाचे नियम जाहीर करावे लागले, तर फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांकडून दीड लाख रुपिया कर घेतला जाऊ लागला.

चंपुहानच्या संगमावर, जेथे श्पीसचे घर होते, तेथे आज हॉटेल आहे. त्याच्यावर प्रेम करणारे त्याला बालीच्या कलेचा पालक मानतात; टीकाकारांच्या मते बालीला विक्रीची वस्तू बनवणाऱ्यांपैकी तो एक होता. दोन्हींत तथ्य आहे. त्याने बालीवर जीव लावला, तिची कला जपण्यासाठी खटपट केली आणि त्याच खटपटीने बालीची कीर्ती जगभर पसरली. कीर्तीमागून गर्दी आली. तिला आवरण्याची शक्ती ना त्याच्यात होती, ना त्याच्या संघात. आज तो निर्णय बालीच्या लोकांच्या आणि त्यांच्या शासनाच्या हाती आहे. श्पीसच्या काळात तो त्यांच्या हाती नव्हता, हाच दोन काळांतील सर्वांत मोठा फरक आहे.