प्रोटीनची नाती शोधणाऱ्या डेहॉफबाई

बायोटेकला असलेल्या एखाद्या मित्राला विचारून बघा : नवीन प्रोटीन सापडलं, तर त्याचं काम काय हे कसं ओळखतोस? तो आधी लॅपटॉपच उघडेल. त्या प्रोटीनमधली अमिनो आम्लांची माळ टाकायची आणि कुठल्या ओळखीच्या प्रोटीनशी ती जुळते ते बघायचं. नातेवाईक सापडला की कामाचाही अंदाज येतो. गावात नाही का, चेहऱ्यावरून घराणं ओळखतात, तसंच!

ही वाट पाडणाऱ्यांत पहिलं नाव मार्गारेट डेहॉफ यांचं. जन्म 1925, फिलाडेल्फिया. कोलंबिया विद्यापीठात पीएचडी करताना ऑफिसातल्या हिशेबाच्या पंचकार्ड मशीनवर त्यांनी रेणूंची गणितं सोडवली. नंतर दोन मुली झाल्या, काही वर्षं संशोधन थांबलं. पण 1960 नंतर त्या रॉबर्ट लेडली यांच्या संस्थेत आल्या आणि गाडी सुसाट सुटली.

तेव्हा प्रोटीन तुकड्यातुकड्यांनी वाचावं लागे. ते तुकडे जोडायला माणसाला महिने लागत. डेहॉफ आणि लेडली यांचा 1962 चा प्रोग्राम ते काही मिनिटांत जोडायचा. 1965 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत तोवर माहीत असलेल्या प्रोटीनचा 'ॲटलास' छापला. किती होती? फक्त 65! जागा वाचावी म्हणून प्रत्येक अमिनो आम्लाला एकच अक्षर दिलं. आज तुमच्या पुस्तकात असतं, तेच.

पण दोन माळा 'सारख्या' म्हणजे किती सारख्या? इथे बाईंचं खरं डोकं दिसतं. जवळच्या प्रोटीनच्या 71 गटांतले 1572 बदल त्यांच्या टीमने मोजले. ल्युसिनच्या जागी आयसोल्युसिन आलं तर सहसा खपतं, ट्रिप्टोफॅन मात्र क्वचितच बदलतं. त्यावरून 1978 मध्ये गुणांचा तक्ता आला : पॅम मॅट्रिक्स.

1982 मध्ये त्याच पद्धतीने मोठा मासा लागला. कोंबड्यांत गाठी करणाऱ्या विषाणूचं 'सार्क' प्रोटीन आणि सस्तन प्राण्यांच्या पेशीतलं एक रोजचं एन्झाइम एकाच घराण्यातले निघाले, हे विनोना बार्कर आणि डेहॉफ यांनी दाखवलं. दोघांचं काम इतर प्रोटीनवर फॉस्फेट चिकटवायचं. कॅन्सर घडवणारं प्रोटीन परकं नव्हतं, घरच्याच बटणाचा भाऊबंद होतं!

मग एवढ्या बाईंना सगळं सहज मिळालं? छे. अमेरिकी सरकारने डीएनएची राष्ट्रीय माहितीपेढी उभारायचं ठरवलं, तेव्हा डेहॉफ तयारीनिशी स्पर्धेत होत्या. 1982 मध्ये कंत्राट लॉस अलामोसच्या गटाकडे गेलं. त्यांची माहिती विकत घ्यावी लागे, पुढे वाटायला बंदी होती, आणि आम्हीच दिलेली माहिती आम्हालाच विकता का, असा शास्त्रज्ञांचा राग होता. राग रास्तच म्हणायला हवा. पण एकेक माळ तपासून नीट लावणाऱ्या लोकांचा पगार कुठून द्यायचा, हा त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता.

पुढच्याच वर्षी, 5 फेब्रुवारी 1983 ला, हृदयविकाराने त्या गेल्या. वय 57. त्यांचा साठा 2002 मध्ये युनिप्रॉटमध्ये सामील झाला. तो आज कुणालाही फुकट बघता येतो.