न बोलावता गेलेले धर्मगुरू : संत जोसेफ वाझ

पुढाकार घेणे म्हणजे पुढेपुढे करणे नव्हे. सभेत पहिला हात वर करणारा पुढाकार घेतोच असेही नाही. या शब्दाचा अर्थ समजून घ्यायचा असेल, तर गोव्याच्या संत जोसेफ वाझ यांच्या जीवनाकडे पाहावे.

साष्टीतील बाणावली येथे २१ एप्रिल १६५१ रोजी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्या काळी श्रीलंकेतून मोठी दुःखद वार्ता येत होती. १६५६ साली कोलंबो आणि १६५८ साली जाफना डचांनी पोर्तुगीजांकडून जिंकून घेतले. डच कॅल्विनपंथी होते. त्यांनी कॅथोलिक धर्मगुरूंना हाकलून दिले, धर्मगुरूला घरात आसरा देणाऱ्याला देहदंड जाहीर केला. आपले फादर आठवडाभर बाहेरगावी गेले तरी आपल्याला चुकल्यासारखे होते. तिथे मात्र एक अख्खी पिढी मिस्सा आणि पापनिवेदनाविना वाढली.

गोव्यात ही गोष्ट अनेकांच्या कानावर होती. हळहळही पुष्कळ होत असणार. फादर वाझ यांनी आपण तिथे जावे असे ठरवले. पण परवानगीऐवजी १६८१ साली त्यांना कॅनरा प्रांतात मिशनप्रमुख म्हणून धाडण्यात आले. ते रुसले नाहीत. तिथला अधिकाराचा वाद सोसत त्यांनी तीन वर्षे सेवा केली. परतल्यावर, १६८५ साली, जुने गोवे येथे एकत्र राहणाऱ्या काही स्थानिक धर्मगुरूंना ते जाऊन मिळाले. युरोपीय संघ स्थानिकांना सामावून घेत नसत, म्हणून हा त्यांचा स्वतःचा संघ उभा राहिला. त्याला ओरेटरी म्हणतात. फादर वाझ त्याचे प्रमुख झाले. पण वर्षभरातच ते पद खाली ठेवून, रीतसर परवानगी घेऊन ते निघाले. सोबत होता जॉन नावाचा एक सेवक मुलगा.

दक्षिणेकडे जाताना ते तमिळ शिकत गेले. तुतिकोरीनला त्यांनी झगा उतरवला आणि हमालाचा वेष घेतला. १६८७ साली ते जाफन्याला पोहोचले ते हगवणीने बेजार होऊन. बरे झाल्यावर ते दारोदार भीक मागू लागले. गळ्यात मात्र जपमाळ उघड ठेवली होती. भिक्षा घालणाऱ्याची नजर त्या माळेवर थबकते का, एवढेच ते बघत. अशी एक एक घरे शोधत, खात्री करून घेत, त्यांनी आपण धर्मगुरू असल्याचे सांगितले. मग सिल्लालै गावात रात्रीच्या अंधारात मिस्सा सुरू झाल्या. १६८९ च्या नाताळात डचांनी धाड घातली. फादर निसटले, पण कित्येक श्रद्धावंत पकडले गेले आणि काहींना कठोर शिक्षा झाल्या. या अनाम लोकांचा पुढाकार फादरांच्या पुढाकाराहून लहान मानू नये.

पुत्तलममार्गे १६९२ साली ते कँडीच्या बौद्ध राज्यात गेले. तिथे पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकले. कैदेत त्यांनी सिंहली भाषा शिकून घेतली. परंपरा सांगते, की दुष्काळात त्यांच्या प्रार्थनेनंतर पाऊस पडला आणि राजा विमलधर्मसूर्य दुसरा याने त्यांना मोकळीक दिली. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. घरचे लोक आजाऱ्यांना रानात टाकून पळत होते. फादर वाझ त्यांना झोपड्यांत आणून अन्न भरवत, जखमा धूत, मृतांना मूठमाती देत. धर्म कोणता, हे विचारत नसत.

मला त्यांची आणखी एक गोष्ट विशेष वाटते. हे काम त्यांनी आपल्या एकट्याच्या मुठीत ठेवले नाही. गावोगावी प्रापंचिकांवर त्यांनी प्रार्थनेची आणि धर्मशिक्षणाची जबाबदारी सोपवली. धर्मगुरू महिनोन्‌महिने आला नाही तरी रविवार चुकत नसे. गोव्याहून ओरेटरीचे आणखी धर्मगुरू आले. १७०५ साली आलेले दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्विस यांनी सिंहली आणि तमिळमध्ये पुष्कळ ग्रंथरचना केली. बिशपपद देऊ केले, ते फादर वाझ यांनी नाकारले.

ते पुन्हा गोव्याला आले नाहीत. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांचे निधन झाले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ साली त्यांना धन्यवादित घोषित केले, आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोच्या समुद्रकाठच्या मैदानावर संतपद बहाल केले. दरवर्षी १६ जानेवारीला सांकवाळला त्यांचा सण भरतो. कँडीत त्यांना नेमके कुठे पुरले, ती जागा मात्र आज कोणाला ठामपणे दाखवता येत नाही.