मुंबईत विजेची ट्राम आली, चुंबक अलिबागला गेले

अलिबागच्या किनाऱ्याजवळ, कुलाबा किल्ला दिसतो त्या परिसरात, एका शांत आवारात बैठ्या दगडी इमारती आहेत. किल्ला पाहायला आलेले पर्यटक त्यांच्याकडे फारसे वळत नाहीत. या इमारतींच्या बांधकामात लोखंड वापरलेले नाही. दगड पोरबंदरहून आणला, तोही चुंबकत्व नाही ना याची परीक्षा करून. जिथे खिळे, बिजागऱ्या आणि कड्या लागणार होत्या तिथे तांबे व पितळ वापरले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद इथे १९०४पासून अखंड होत आली आहे. तिच्या मागे डॉ. नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांची दूरदृष्टी आहे.

मूस यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ रोजी पारशी कुटुंबात झाला. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी, २ सप्टेंबरला, सूर्यावरून आलेल्या एका प्रचंड वादळाने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हादरवले होते. युरोप-अमेरिकेतील तारयंत्रे बिघडली. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत कर्मचारी सुईची हालचाल डोळ्यांनी पाहून आकडे वहीत उतरवत होते. या वहीतील आकड्यांचे मोल पुढे फार मोठे ठरणार होते.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६मध्ये उभारली होती, ती आकाशाचे वेध घेण्यासाठी आणि बंदरातील जहाजांना अचूक वेळ कळावी म्हणून. १८४१पासून तिथे चुंबकीय मोजमाप सुरू झाले आणि १८४६पासून त्याला सलगता आली. एडिंबरो विद्यापीठात विज्ञानाचे शिक्षण घेतलेले मूस १८९६मध्ये या वेधशाळेचे संचालक झाले. त्या पदावर आलेले ते पहिले भारतीय. त्याच वर्षी मुंबईत प्लेगची साथ आली आणि लोक शहर सोडून जाऊ लागले. वेधशाळेतील नोंदींना मात्र एक दिवसही सुट्टी घेता येत नव्हती.

या नोंदी होत कशा, हे समजून घेतले म्हणजे पुढचा पेच कळतो. बंद, अंधाऱ्या खोलीत बारीक धाग्याला एक छोटे चुंबक टांगलेले असे. त्याला चिकटवलेला असे एक लहानसा आरसा. एका बाजूच्या दिव्याचा प्रकाश अरुंद फटीतून आरशावर पडे आणि परावर्तित होऊन फोटोच्या कागदावर ठिपक्यासारखा उमटे. हा कागद घड्याळाच्या यंत्रावर सावकाश फिरणाऱ्या नळकांड्याला गुंडाळलेला असे. चुंबक केसभर हलले तरी आरशामुळे ठिपका बराच सरके आणि कागदावर चोवीस तासांची रेषा आपोआप काढली जाई. माणसाने दिवसातून एकदा कागद बदलायचा, दिव्याची काळजी घ्यायची आणि लगेच बाहेर पडायचे. खोलीत दुसरा उजेड शिरला की कागद काळा होई, आणि खिशातली लोखंडी किल्ली आत गेली तरी रेषा चुके. कुलाब्यात ही छायाचित्रण पद्धत १८७०च्या दशकात आली. १८९७च्या आसाममधील मोठ्या भूकंपानंतर मूस यांच्या कारकिर्दीत तिथे बसलेला मिल्न यांचा भूकंपमापकही प्रकाशाच्या साहाय्याने कागदावरच लिहीत असे.

मुंबईत १८७४पासून घोड्यांची ट्राम धावत होती. विसावे शतक उजाडताना ती विजेवर चालवण्याचे ठरू लागले. शहराच्या दृष्टीने ही आनंदाची बातमी होती. वेधशाळेसाठी मात्र तो साठ वर्षांच्या कामावरचा घाला होता.

कारण साधे आहे. तारेतून वीज वाहते तेव्हा तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. एकट्या सरळ तारेतून १ अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर १ मीटर अंतरावर सुमारे २०० नॅनोटेस्ला इतके क्षेत्र निर्माण होते. मुंबई-अलिबाग परिसरात पृथ्वीचे एकूण क्षेत्र चाळीस हजार नॅनोटेस्लाहून थोडे अधिक आहे आणि त्यात दिवसभरात होणारा नेहमीचा चढउतार असतो अवघा काही दशक नॅनोटेस्लांचा. शास्त्रज्ञांना शोधायचा असतो तो हाच बारीक चढउतार.

जाणारी आणि परतणारी तार शेजारी शेजारी असेल, तर दोन्हींची क्षेत्रे एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. घरातल्या फिश टँकखालच्या कपाटातही हे तत्त्व लागू पडते. दार उघडताच पेटणारी एलईडीची पट्टी तिथे बसवतात तेव्हा दारावर एक छोटे चुंबक असते. ते दूर गेले की चौकटीवरच्या काचेच्या नळीतील लोखंडमिश्रित पट्ट्या एकमेकींना भिडतात आणि दिवा लागतो. पट्टीकडे जाणाऱ्या दोन्ही तारा जोडीनेच नेलेल्या असतात, त्यामुळे हातभर अंतरावर त्यांच्या चुंबकत्वाचा मागमूस उरत नाही. ट्रामचे तसे नव्हते. वीज डोक्यावरच्या तारेतून येणार आणि पायाखालच्या रुळांतून परतणार. दोन्हींत काही मीटरचे अंतर, आणि रुळांतला काही प्रवाह जमिनीत झिरपून वाट फुटेल तिकडे पसरणार. शिवाय गाडी सुटली, थांबली, चढावर लागली की तो क्षणोक्षणी बदलणार. अशा शहरात सूर्याचा परिणाम कोणता आणि ट्रामचा कोणता, हे रेषेवरून ओळखणे अशक्य झाले असते.

नवी जागा शोधायला हवी होती. ती विजेपासून दूर हवी, पण कुलाब्यापासून फार दूर असून चालणार नव्हते. जागा बदलली की चुंबकीय क्षेत्राचा आकडाही बदलतो. अंतर कमी असेल तर दोन्हीकडचे चढउतार मात्र जवळपास सारखेच राहतात. मुंबईच्या दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटरवरचे अलिबाग या कसोटीला उतरले. मध्ये समुद्र होता. रेल्वे नव्हती आणि ट्राम येण्याची शक्यताही नव्हती. आजचा रायगड जिल्हा तेव्हा, आणि पुढे १९८१पर्यंत, कुलाबा याच नावाने ओळखला जाई. वेधशाळेचे चुंबक अशा रीतीने एका कुलाब्यातून दुसऱ्या कुलाब्यात निघाले.

अलिबागच्या मुख्य इमारतीत खोलीच्या आत खोली बांधली. दुहेरी भिंतींमुळे कोकणातल्या उन्हाळ्यातही आतले तापमान दिवसभर जवळपास स्थिर राहते. उष्णतेने चुंबकाची ताकद बदलते आणि पुन्हा खोटी रेषा उमटते, म्हणून ही खबरदारी.

इमारत तयार होताच कुलाब्याची उपकरणे गुंडाळण्याची घाई मूस यांनी केली नाही. एप्रिल १९०४पासून मार्च १९०६पर्यंत, पूर्ण दोन वर्षे, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या. दोन उन्हाळे, दोन पावसाळे, दोन हिवाळे. दोन्हीकडच्या आकड्यांत नेमका किती फरक पडतो हे त्यातून ठरले आणि तो फरक हिशेबात धरून जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. ही दोन वर्षे मिळाली नसती, तर १८४६पासूनची मालिका कुलाब्यात संपली असती आणि अलिबागची वेगळी, कोवळी मालिका शून्यापासून सुरू झाली असती. मुंबईत विजेची ट्राम मे १९०७मध्ये धावली. तोवर चुंबकीय मोजमापाने कुलाबा सोडला होता.

यानंतर मूस जुन्या आकड्यांकडे वळले. कुलाब्यातील १८४६ ते १९०५ या काळातील नोंदींचे संकलन आणि विश्लेषण त्यांनी १९१०मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी चुंबकीय वादळांकडे पाहण्याची एक नवी रीत वापरली. वादळे दिवसाच्या कोणत्याही वेळी येतात, म्हणून घड्याळातल्या तासानुसार त्यांची सरासरी काढली तर चित्र धूसर होते. मूस यांनी प्रत्येक वादळ जिथे सुरू झाले तो क्षण पहिला मानला आणि तिथून तास मोजले. वैद्याने प्रत्येक रोग्याचा ताप चढल्याच्या वेळेपासून टिपण करावे, तसेच हे. त्यातून वादळाचा स्वभाव दिसला. क्षेत्राचा आडवा घटक आधी झटकन वाढतो, मग बराच खाली जातो आणि नंतर हळूहळू सावरतो. सिडनी चॅपमन यांच्यासारख्या पुढच्या संशोधकांना या कामाचा आधार मिळाला.

दोन दशकांहून अधिक काळ वेधशाळेची धुरा वाहून मूस निवृत्त झाले. १९३६मध्ये त्यांचे निधन झाले. कुलाब्यातील एका रस्त्याला त्यांचे नाव आहे.

१९७१मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. तिचे मुख्यालय आता पनवेलला, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे. २००३मध्ये या संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह १८५९च्या त्या वादळाचा पुन्हा अभ्यास केला, तेव्हा कुलाब्याच्या वहीतले आकडे कामी आले. त्या दिवशी मुंबईत आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरला होता. असे वादळ आज आले तर उपग्रह, वीजवाहिन्या आणि विमानांचे संदेशवहन किती सोसू शकेल, याचा अंदाज बांधताना जगभर हे वादळ मापदंड म्हणून समोर ठेवले जाते.

विजेची ट्राम मुंबईत १९६४पर्यंत धावली आणि मग बंद झाली. तिच्यामुळे समुद्रापलीकडे गेलेली नोंद अलिबागला अजून चालू आहे.