‘अमृतांजन’ पूल पाडला, नाव मात्र टिकले. कोण होते या बामचे जनक?

पाचोरा : तहसील कार्यालयाजवळच्या दुकानात कोणी ‘छायाप्रत’ मागत नाही, ‘झेरॉक्स’च मागतात, मशीन मग कोणत्याही कंपनीचे असो. शेतात खोदकाम निघाले की ‘जेसीबी’ बोलावला जातो. ब्रँडचे नाव असे वस्तूचेच नाव होऊन बसते. महाराष्ट्रात तर एका बामचे नाव चक्क घाटातल्या पुलाला मिळाले. तो बाम बाजारात आणणाऱ्या माणसाची ही ओळख.

कोण होते नागेश्वरराव?

काशीनाथुनी नागेश्वरराव पंतुलू यांचा जन्म १८६७ मध्ये आंध्रातील कृष्णा जिल्ह्यात झाला. मद्रासला शिक्षण घेऊन ते पुढे मुंबईत आले. १८९३ मध्ये त्यांनी मुंबईतच ‘अमृतांजन’ सुरू केले. नवा बाम विकत कोण घेणार? म्हणून त्यांनी तो संगीताच्या कार्यक्रमांत फुकट वाटला. वापरून पाहिलेल्या लोकांनी नंतर तो नावाने मागायला सुरुवात केली.

कमाईचे काय केले?

बामने दिलेला पैसा त्यांनी वृत्तपत्रात घातला. १९०८ मध्ये मुंबईतून ‘आंध्र पत्रिका’ हे तेलुगू साप्ताहिक निघाले. १९१४ मध्ये ते मद्रासला गेले आणि दैनिक झाले. १९२४ मध्ये ‘भारती’ हे साहित्यिक मासिक आले. मिठाच्या सत्याग्रहात नागेश्वररावांनी तुरुंगवासही भोगला. आंध्र आणि रायलसीमा यांच्यातील १९३७ चा श्रीबाग करार त्यांच्याच मद्रासच्या घरी झाला. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या आंध्र राज्यासाठी ते झटले, ते १५ वर्षांनी, १९५३ मध्ये अस्तित्वात आले.

पुलाला बामचे नाव कसे?

खंडाळा घाटातला हा पूल ब्रिटिशांनी १८३० मध्ये बांधला. त्यावर बरीच वर्षे अमृतांजनच्या जाहिरातीचा फलक होता. प्रवासी तीच खूण सांगू लागले आणि पूल ‘अमृतांजन’ झाला. त्याच्या खांबांमुळे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कोंडी होत असे. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, तो स्फोटाने पाडण्यात आला. घाटातल्या कोंडीच्या बातम्यांत मात्र ते नाव आजही येते.

कंपनीला फायदा की तोटा?

दोन्ही. नाव तोंडी बसले की जाहिरातीचा खर्च वाचतो. पण ते एका कंपनीचे न राहता त्या प्रकारच्या सगळ्याच मालाचे नाव झाले, तर ट्रेडमार्कचा हक्क जाऊ शकतो. अमेरिकेत बायर कंपनीने ‘ॲस्पिरिन’ या नावावरचा हक्क १९२१ मध्ये असाच गमावला. अमृतांजन हे नाव मात्र कंपनीकडेच राहिले.

हरवले ते नाव देणाऱ्याचे नाव. आंध्रात नागेश्वरराव ‘देशोद्धारक’ म्हणून ओळखले जातात. ज्या मुंबईत त्यांचा धंदा उभा राहिला, तिथून पुण्याला जाणाऱ्यांना मात्र फक्त बाम आणि पूल ठाऊक आहे.