विश्लेषण : ताकदवान चिपला पेन्सिल सेलने कसे हरवले? ‘गेम बॉय’चे जनक गुनपेई योकोई यांची गोष्ट

हातात धरून खेळायच्या गेमिंग पीसीच्या बाजारात सध्या एएमडी आणि इंटेल या दोन चिप कंपन्यांची चुरस आहे. ‘स्टीम डेक’मध्ये एएमडीची चिप, ‘आरओजी अ‍ॅलाय’मध्येही एएमडीचीच. ‘एमएसआय क्लॉ’ २०२४ मध्ये इंटेलची चिप घेऊन आला. जाहिरातीत गाजतो तो वेग. यंत्र विकत घेतलेला माणूस मात्र पहिल्याच आठवड्यात विचारतो, ही बॅटरी टिकते किती? नेमका हाच प्रश्न १९८९ मध्ये जपानच्या एका इंजिनीअरने आपल्या पद्धतीने सोडवला होता. गुनपेई योकोई हे त्यांचे नाव. त्यांच्या निधनाला पाव शतकाहून अधिक काळ लोटला. आजची स्पर्धा समजून घ्यायची तर त्यांच्यापासून सुरुवात करणे सोयीचे आहे.

जत्रेतला विटांचा गेम आठवतो?

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो की लातूरच्या सिद्धेश्वराची, खेळण्यांच्या दुकानात एकेकाळी हमखास एक वस्तू असायची. छोटा करडा पडदा, खाली चार-पाच बटणे आणि वरून पडणाऱ्या विटा. दोन पेन्सिल सेल घातले की महिनाभर चिंता नसे. आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या अनेकांनी दिवसाला कित्येक तासांचे भारनियमन त्यावरच काढले. वीज नसताना टीव्ही बंद, टीव्हीला जोडायचा गेमही बंद. हा मात्र सुरू. या स्वस्त खेळण्यांचा योकोईंशी किंवा त्यांच्या निन्टेंडो कंपनीशी थेट काही संबंध नव्हता. पण साधा पडदा, साधी चिप आणि सहज मिळणारे सेल यांतून भरपूर खेळ देता येतो, हे जगाला आधी दाखवले ते योकोईंनी.

पत्ते बनवणाऱ्या कंपनीतला दुरुस्तीवाला

योकोईंचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, क्योटोचा. दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्स शिकून ते १९६५ मध्ये निन्टेंडोत लागले. तेव्हा या कंपनीचा व्हिडिओ गेमशी काहीही संबंध नव्हता. १८८९ पासून ती ‘हानाफुदा’ हे जपानी पत्ते बनवत होती. पत्ते तयार करणारी यंत्रे चालू ठेवणे, बिघडली तर दुरुस्त करणे, एवढेच योकोईंचे काम. वेळ बराच शिल्लक राही. त्या वेळात त्यांनी कात्रीसारखा लांब होणारा आणि टोकाला वस्तू पकडणारा एक हात स्वतःच्या गमतीसाठी बनवला.

कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची यांनी तो पाहिला. आता नोकरीवर गदा येणार असेच कोणालाही वाटले असते. पण यामाउचींनी त्याचे खेळणे करून बाजारात आणायला सांगितले. ‘अल्ट्रा हँड’ १९६६ मध्ये आला आणि त्याचे १२ लाखांहून अधिक नग विकले गेले. योकोई दुरुस्ती विभागातून थेट नवी खेळणी घडवण्याच्या कामावर आले.

पुढच्या काही वर्षांत त्यांच्या स्वभावातली खुबी दिसू लागली. १९६९ चा ‘लव्ह टेस्टर’ घ्या. एक मुलगा आणि एक मुलगी एकमेकांचा हात धरून यंत्राची दोन टोके पकडणार, आणि काटा त्यांचे प्रेम मोजणार! आत होता तो शरीरातून जाणारा सूक्ष्म प्रवाह मोजणारा साधा मीटर. शाळेच्या प्रयोगशाळेतली वस्तू त्यांनी तरुणांना हात धरण्याचे निमित्त म्हणून विकली. त्यानंतरच्या प्रकाशाच्या बंदुकीत त्यांनी सौर घट वापरले. या घटांच्या निमित्ताने शार्प या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीशी निन्टेंडोचे नाते जुळले आणि पुढे तेच निर्णायक ठरले.

कॅल्क्युलेटरच्या लढाईतला उरलेला माल

सत्तरच्या दशकात जपानमध्ये शार्प आणि कॅसिओ यांच्यात कॅल्क्युलेटरवरून घनघोर स्पर्धा झाली. कोणाचा अधिक पातळ, कोणाचा अधिक स्वस्त, अशी ती चढाओढ. त्यातून दोन गोष्टी अतिशय स्वस्त झाल्या : एलसीडी पडदा आणि कॅल्क्युलेटरची चिप. दशक संपता संपता घरोघरी कॅल्क्युलेटर पोहोचला आणि एवढे पडदे बनवणाऱ्या कारखान्यांना नवे गिऱ्हाईक हवे झाले.

योकोईंनी पुढे आपल्या आठवणींत सांगितलेला किस्सा असा : बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसलेला त्यांना दिसला. प्रवासात कोणाच्या डोळ्यांवर न येता खेळता येईल असा छोटा गेम का नसावा, असे त्यांच्या मनात आले. काही दिवसांनी यामाउचींचा चालक आजारी पडला म्हणून गाडी चालवायचे काम योकोईंकडे आले. वाटेत त्यांनी सहज ही कल्पना मालकाच्या कानावर घातली. यामाउची फारसे बोलले नाहीत. मात्र त्याच बैठकीत शार्पचे प्रमुख त्यांना भेटले आणि आठवड्याभरात शार्पची माणसे निन्टेंडोच्या दारात हजर झाली.

एप्रिल १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ आला. एका यंत्रात एकच खेळ, सोबत घड्याळ, आणि ताकद शर्टाच्या बटणाएवढ्या सेलची. या मालिकेत पुढे साठ प्रकार निघाले आणि एकूण सुमारे ४.३४ कोटी नग विकले गेले. १९८२ च्या ‘डाँकी काँग’ या प्रकारात योकोईंनी दिशा देण्यासाठी अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण बसवले. दांडा खिशात मावत नाही, एवढेच साधे कारण. आज जगातल्या जवळपास प्रत्येक गेम कंट्रोलरवर डाव्या अंगठ्याखाली ते बटण असते.

जुने झालेले, मुबलक बनणारे, खोडी माहीत झालेले तंत्रज्ञान घ्या आणि ज्या कामासाठी ते कोणी वापरलेच नाही तिथे लावा, अशी योकोईंची रीत होती. आपल्याकडे याला चटकन जुगाड म्हटले जाईल, पण तो शब्द इथे बसत नाही. जुगाड अडल्या वेळी करतात. योकोई नवे तंत्रज्ञान हाताशी असताना जाणूनबुजून जुने निवडत होते.

‘गेम बॉय’ : एकाच घराण्यातल्या चिप, निकाल वेगळा

२१ एप्रिल १९८९ ला जपानमध्ये ‘गेम बॉय’ आला, किंमत १२,५०० येन. पडदा हिरवट, छटा फक्त चार, मागे दिवा नाही. चिप शार्पची, वेग सुमारे ४ मेगाहर्ट्‌झ. या चिपचा आराखडा इंटेलची ८०८० आणि झायलॉगची झेड-८० या सत्तरच्या दशकातल्या दोन चिपशी नाते सांगणारा होता. झेड-८० घडवणारे फेडेरिको फॅजिन हे इंटेलमधूनच बाहेर पडलेले. म्हणजे चिप जगतातली भाऊबंदकी तेव्हाही होतीच.

त्याच वर्षी अटारीचा ‘लिंक्स’ आला. रंगीत पडदा, मागून प्रकाश, चित्रे हलवायला वेगळी ताकद. किंमत सुमारे १८० डॉलर, म्हणजे ‘गेम बॉय’च्या दुप्पट. पुढच्या वर्षी सेगाचा ‘गेम गिअर’ आला, तोही रंगीत, आणि त्यात साक्षात झेड-८० चिप. या दोघांना सहा-सहा पेन्सिल सेल लागत आणि ते चार-पाच तासांत मान टाकत. ‘गेम बॉय’ चार सेलवर १५ तास सहज चाले. प्रतिस्पर्ध्याचा पडदा रंगीत आहे हे कळल्यावर योकोई निर्धास्त झाले, असे सांगतात. रंगीत पडदा सेल किती खातो, हे ते जाणून होते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. ‘गेम बॉय’चे सगळे श्रेय एकट्या योकोईंना देण्याची पद्धत आहे, ती बरोबर नाही. त्यांना हे यंत्र ‘गेम अँड वॉच’सारखेच हलके खेळणे म्हणून हवे होते. कॅसेट बदलून अनेक वर्षे नवे खेळ खेळता येतील असे दमदार यंत्र हवे, हा हट्ट त्यांचे सहकारी सातोरू ओकादा यांचा होता. दोघांत खटके उडाले आणि अखेर योकोईंनी माघार घेतली. नाही तर ‘टेट्रिस’ आणि नंतरचा ‘पोकेमॉन’ कदाचित दुसऱ्याच कोणाच्या यंत्रावर खेळले गेले असते. पडद्यावरूनही प्रकल्प अडला होता. तिरप्या कोनातून चित्र दिसत नाही म्हणून यामाउचींनी तो जवळपास गुंडाळलाच होता. पडद्याचा प्रकार बदलल्यावर मार्ग निघाला.

‘गेम बॉय’ आणि त्याची नंतरची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक नग विकले गेले. ‘गेम गिअर’ एक कोटीच्या आसपास थांबला.

मग ‘व्हर्च्युअल बॉय’ का फसला?

योकोईंच्या आयुष्यातला हा बोचरा भाग. १९९५ मध्ये आलेले ‘व्हर्च्युअल बॉय’ हे डोळ्यांना लावून त्रिमितीय खेळ दाखवणारे यंत्र होते. दिवे फक्त लाल, कारण लाल एलईडी स्वस्त होते आणि वीज कमी खात. म्हणजे रीत तीच जुनी. पण या वेळी आतली चिप एनईसी कंपनीची, ३२ बिटची, चांगली दमदार होती. तरीही यंत्र आपटले. ते धड हातात धरता येत नव्हते, धड डोक्यावर बांधता येत नव्हते. टेबलावर स्टँड लावून त्यात तोंड खुपसून बसावे लागे. डोळे दुखण्याच्या तक्रारी आल्या. वर्षभरातच उत्पादन थांबले, विक्री आठ लाखांच्याही आत राहिली.

स्वस्त सुटा भाग निवडला की वस्तू आपोआप चांगली होते असे नाही, हे इथे दिसले. ‘गेम बॉय’मध्ये करडा पडदा खटकत नव्हता, कारण बदल्यात खेळणाऱ्याला कित्येक तास मिळत होते. लाल दिव्यांच्या बदल्यात त्याला काहीच मिळाले नाही.

१५ ऑगस्ट १९९६ ला योकोईंनी ३१ वर्षांची नोकरी सोडली. अपयशामुळे त्यांना जावे लागले, असे तेव्हा छापून आले. त्यांनी स्वतः ते नाकारले. वयाच्या पन्नाशीनंतर स्वतःचे काही करायचे आधीच ठरले होते, असे त्यांचे म्हणणे होते. जाण्यापूर्वी त्यांच्या विभागातून ‘गेम बॉय पॉकेट’ बाहेर पडला होता : आकाराने लहान आणि दोनच बारीक पेन्सिल सेलवर चालणारा.

आजच्या स्पर्धेशी याचा संबंध काय?

संबंध वॉटचा आहे. ‘स्टीम डेक’ची चिप १५ वॉटपर्यंत वीज घेते आणि पहिल्या आवृत्तीची बॅटरी ४० वॉट-तासांची. चिपने पूर्ण ताकद लावली, वर पडदा आणि पंखा धरला, तर दोन तासांत चार्जर शोधावा लागतो. इतर कंपन्यांनी ३० वॉटपर्यंत मजल मारली. वेग वाढला, सोबत उष्णताही. एप्रिल-मेच्या उन्हात नांदेडला नुसता मोबाइल हातात धरून गेम खेळणाऱ्याला ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

इंटेलचा पहिला प्रयत्न इथेच मागे पडला. ‘एमएसआय क्लॉ’तली चिप मुळात लॅपटॉपसाठीची होती आणि परीक्षणांत ती एएमडीपुढे फिकी ठरली. त्यानंतर इंटेलने ‘लूनर लेक’ मालिकेत मेमरी चिपच्या शेजारीच एकाच आवरणात बसवली आणि वीज वाचवण्यावर भर दिला. नव्या ‘क्लॉ’चे कौतुक झाले ते प्रामुख्याने कमी वॉटमध्ये मिळणाऱ्या कामगिरीसाठी. एएमडीने ‘झेड-२’ मालिका आणली. एनव्हिडियाच्या चिपवर चालणारा निन्टेंडोचा ‘स्विच’ या दोघांपेक्षा कमी ताकदीचा असूनही विक्रीत कितीतरी पुढे गेला. चिप निवडताना वेगाआधी तासांचा हिशेब करायचा, ही सवय त्या कंपनीला कोठून लागली हे सांगायला नको.

एका सेलचे शेवटचे यंत्र

निन्टेंडो सोडल्यावर योकोईंनी ‘कोतो’ नावाची छोटी कंपनी काढली आणि बांदाई या खेळणी कंपनीसाठी नव्या यंत्राच्या कामाला लागले. ते पूर्ण झालेले पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही. ४ ऑक्टोबर १९९७ ला इशिकावा प्रांतातल्या होकुरिकू द्रुतगती मार्गावर ते एका सहकाऱ्याच्या गाडीतून जात असताना किरकोळ अपघात झाला. नुकसान पाहायला ते खाली उतरले आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीने त्यांना धडक दिली. तेव्हा ते ५६ वर्षांचे होते.

‘वंडरस्वान’ नावाने ते यंत्र ४ मार्च १९९९ ला जपानच्या बाजारात आले. किंमत ४,८०० येन, पडदा करडा. त्यातली एनईसीची चिप इंटेलच्या ८०८६ घराण्यातल्या सूचना समजणारी होती. ‘स्टीम डेक’ आणि ‘क्लॉ’मधल्या आजच्या चिप याच घराण्याच्या वंशज. या घराण्याच्या चिपवरून एनईसी आणि इंटेल यांच्यात ऐंशीच्या दशकात अमेरिकेत खटलाही चालला होता. निन्टेंडोपुढे ‘वंडरस्वान’ फार टिकला नाही. सर्व आवृत्त्या मिळून सुमारे ३५ लाख विकले गेले. पण तो एका पेन्सिल सेलवर ३० तासांच्या आसपास चाले. त्याच्यासोबत बाजारात आलेल्या, तुटक रेषा जुळवण्याच्या खेळाला योकोईंच्याच पहिल्या नावावरून ‘गुनपेई’ असे नाव देण्यात आले होते.